वास्तूला इंग्रजी येत नाही

आमच्या घरात काही संपत नसे, सगळं वाढायचं. तांदळाचा डबा रिकामा झाला की तांदूळ वाढले. बांगडी पिचली की बांगडी वाढली. बाहेर पडणारा माणूस कधी जातो म्हणायचा नाही, येतो म्हणायचा, मग तो वर्षभर उगवला नाही तरी चालेल. अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे आईनं आम्हा भावंडांना बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. मी लहानपणी एकदा विचारलं होतं की चांगलं बोलल्यावर वास्तू कधी तथास्तु का म्हणत नाही. त्यावर पाठीत धपाटा मिळाला होता.

अशा घरात बसून मला एक इंग्रजी शोकांतिका शिकायची होती.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. नाटकाच्या पेपरात मागच्या खेपेला लटकले होते. नाटक थोर आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण त्यात राजा मरतो, राणी मरते, तरणीताठी पोरं मरतात, आणि जे उरतात त्यांनाही जगण्यात फारशी गोडी राहत नाही. भाषा शेकडो वर्षं जुनी. आमचे सर म्हणायचे, "आधी शब्द पाठ करा. मोठ्यानं म्हणा. शब्द तोंडात बसला की नाटक आपोआप कळतं." सरांनी शब्द मोबाइलवर पाठवले होते. वाचायला गेलं की खून, विष, प्रेतवस्त्र, थडगं, भूत, शाप, सूड, आक्रोश. मधूनच एखादा मुकुट किंवा गुलाब यायचा, तोही बहुतेक कुणाच्या तरी तिरडीवर.

आणि घरात वहिनीला सातवा महिना लागलेला.

आमचं घर सोलापूरजवळच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीतलं, एक खोली आणि कोपऱ्यात ओटा. वडील गावाकडं मेंढरांमागं असायचे, ते सणासुदीला यायचे. दादा चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला. आई तेलुगू शेजारणींकडून शिकून विड्या वळायची. तंबाखूची धूळ वहिनीच्या नाकात जायला नको म्हणून ती सूप मांडीवर घेऊन दाराबाहेर पायरीवर बसायची. म्हणजे घराला एकच दार आणि त्या दारात आई.

वहिनीला खाटेवरून उतरायची बंदी होती. डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, खाटेच्या पायथ्याला विटा लावायला सांगितल्या होत्या आणि डाव्या कुशीवर झोपायला. त्या खाटेवर डाव्या कुशीला वळलं की समोर भिंत येते. वहिनी दिवसभर भिंतीकडं बघत पडायची. तिला पाणी द्यायला, बसतं करायला, मोरीपर्यंत धरून न्यायला कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. कॉलेज बंद झालं. मैत्रिणी सोलापुरात वर्गात बसायच्या, मी खाटेशेजारी जमिनीवर. दादानं सांगून टाकलं होतं, "यंदा पेपर निघाला तर निघाला. न्हाय तर आमच्याकडं पॅकिंगला बायका घेतेत." तो वाईट मनानं बोलला नव्हता. पण तेव्हापासून पॅकिंगच्या त्या पट्ट्यापुढं उभी असलेली मी मला रोज दिसायची.

खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी होती. तिच्यावर आईनं जुनी जाड सोलापुरी चादर टाकलेली असायची, मोरांची नक्षी असलेली. उन्हाळ्यात ती रोज सकाळी बादलीत भिजवून टाकायची, म्हणजे झळ लागत नाही. हे ठीक होतं, सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढला तो याला नावं ठेवणार नाही. पण थंडीतही ती चादर तिथंच होती, कोरडी. तेव्हा धुळीचं कारण होतं. आदल्या वर्षापर्यंत ती खिडकी उघडी असायची आणि मी तिच्या कट्ट्यावर बसून वाचायचे. आता दिवसाढवळ्या मोबाइलच्या उजेडात पुस्तक वाचायची वेळ आली. मी चादर बाजूला केली की आई बाहेरून ओरडायची, "पाड ती." तिला दिसायचं कसं, देव जाणे.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वहिनीचं हे दुसरं बाळंतपण. पहिलं लेकरू आदल्या वर्षी सातव्याच महिन्यात आलं आणि आलं तेच निपचित. वहिनी दवाखान्यात तापानं फणफणलेली होती. तिनं लेकराला धड पाहिलंही नाही. दादा आणि शेजारचे एक मामा ते कापडात घेऊन रिक्षानं कुंभारीला आले, टिकाव-खोरं घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. मी त्या दिवशी घरी होते. कुठं गेले ते मी पाहिलं.

त्या संध्याकाळी आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तुला कायबी दिसलं न्हाय. ही जागा तोंडातनं काढशील तर माझं मढं बगशील." दादाकडूनही तिनं तसंच वदवून घेतलं. तिचं म्हणणं असं की आईला जागा कळली की तिचा जीव तिथंच घुटमळतो आणि पुढचं लेकरू ठरत नाही. हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. ज्या बाईनं आयुष्यात कधी अभद्र शब्द काढला नाही तिनं माझ्यापुढं मढं म्हटलं, म्हणजे गोष्ट किती गंभीर होती ते समजा.

वहिनी घरी आली आणि तिला एवढंच हवं होतं, लेकरू कुठं ठेवलं ते. तिनं दादाला विचारलं, तो चप्पल घालून बाहेर गेला. आईला विचारलं, आई म्हणाली, "असलं बोलू नये, पोरी. पुढचं बग." वहिनीचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी. तिनं माझ्याकडं एकदा कानडीतून विषय काढला, पण आईलाही कानडी कळायचं, आणि आईला कळलं की वास्तूला कळलंच. मग वहिनीनं विचारणं सोडलं. लेकरू मुलगी होती हेसुद्धा आमच्यात कधी कुणी बोललं नाही. तिला लेकरू असंही म्हणत नसत. 'त्या येळेला' म्हणत. त्या येळेला तुला ताप होता, त्या येळेला पाऊस लागला होता. वहिनी मान डोलवायची.

अशा घरात मी एका सकाळी पाठांतराला बसले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "मर्डर म्हणजे खून. पॉयझन म्हणजे विष."

आई सूप टाकून आत आली. इतक्या वेगानं मी तिला कधी उठताना पाहिलं नव्हतं. "येडी झालीस व्हय? घरात दोन जिवाची बाई हाय."

"परीक्षेला हाय, आई."

"मग परीक्षा असंल तितं जाऊन म्हण की."

मी पुस्तक घेऊन बाहेर पडले. पाण्याच्या टाकीमागं उभी राहून म्हणायला लागले तर पाणी भरणाऱ्या बायकांनी तेलुगूत काहीतरी कुजबुज केली आणि एकीनं घरी येऊन आईला सांगितलं की तुमच्या पोरीवर कुणीतरी काहीतरी केलंय. मग मी आमच्या शेळीपाशी गेले. शेळी दारापासून दूर, कुडाच्या आडोशाला बांधलेली असायची. तिथं मी दोन शब्द म्हणते न म्हणते तोच पायरीवरून आवाज आला, "शेळीबी गाभण हाय."

मी मनातल्या मनात पाठ करून पाहिलं. मनात शब्द राहत नाहीत. निदान माझ्या नाही. सकाळी वाचलेला शब्द दुपारी अनोळखी होऊन समोर यायचा, आणि परीक्षा तर जवळ येत चाललेली. मला त्या दिवसांत फार राग यायचा. आईचा, दादाचा, नाटक लिहिणाऱ्याचा, सगळ्यांचा. वहिनीचाही यायचा, आणि तिनं तर काही केलंच नव्हतं. ती आपली भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी तिला अडकले होते आणि ती खाटेला. एकदा पाण्याचा तांब्या मी तिच्याजवळ जरा आपटूनच ठेवला. ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "वन्सं, माझ्यापाय तुमचं शिक्षण बुडालं की."

ते ऐकून मला रडू आलं. आईनं बाहेरून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, पाठ होत नाही. आता आई म्हणजे काही दुष्ट बाई नव्हे. ती विडी वळता वळता बराच वेळ विचार करत बसली असावी, कारण जेवायला आत आली तेव्हा तिनं निकाल दिला.

"विंग्रजीत म्हण. मराठी अर्थ मनात ठेव. वास्तूला काय विंग्रजी येत न्हाय."

मी म्हटलं, "आणि तिला आलं तर?"

"कुटनं येईल? आमच्या घरात कोन शिकलंय?"

तिथून आमचा खेळ सुरू झाला. इंग्रजी शब्द मोठ्यानं म्हणता येत होता, पण अर्थ नुसता मनात ठेवून भागत नव्हतं, तो पक्का झाला की नाही हे कुणीतरी तपासायला हवं. ते वहिनीनं अंगावर घेतलं. तिची दहावी कानडी शाळेतून झालेली, इंग्रजी अक्षरं तिला वाचता यायची. आम्ही ठरवलं की मी शब्द म्हणायचा आणि अर्थ तोंडानं न सांगता हातांनी दाखवायचा. आधी मी दाखवायचे, मग दुसऱ्या दिवशी मी शब्द म्हणाले की वहिनी दाखवायची.

पॉयझनला ती पेला तोंडाला लावून डोळे फिरवायची. क्राउनला उशी डोक्यावर धरायची. घोस्टला पदर तोंडावरून ओढून दोन्ही हात पुढं. रिव्हेंजचं मला काही सुचेना, तर तिनं दात खाऊन मुठीवर मूठ आपटली आणि बोट बाहेर पायरीकडं केलं. मला इतकं हसू फुटलं की आईनं विचारलं, "काय शिकताय गं?"

"राजाचं नाटक हाय, आत्याबाई," वहिनी म्हणाली.

"हसायचं हाय व्हय त्यात?"

"लई हाय."

आई समाधानानं विडीला दोरा बांधायला लागली. तिच्या लेखी सुनेचा चेहरा हसरा होता, घरात चांगलं वारं होतं. आत आम्ही दोघी रोज माणसं मारत होतो. वहिनी शब्द माझ्यापेक्षा लवकर उचलायची. मला एखादा आठवला नाही की ती खाटेवरून हळूच हात हलवून सुचवायची आणि मी ओळखायचे. आजही परीक्षेतला तो पेपर आठवला की मला पानावरचे शब्द दिसत नाहीत, वहिनीचे हात दिसतात.

एका दुपारी श्राउड हा शब्द आला. मी म्हटलं, "श्राउड." वहिनीनं अंगावरचं पांघरूण दोन्ही हातांनी वर ओढून तोंड झाकलं. अर्थ बरोबर होता, प्रेतवस्त्र. मी पुढचा शब्द शोधायला लागले. वर पाहिलं तर ती तशीच. "वैनी," मी म्हटलं, "झालं की." पांघरूण हललं नाही. मग आतून अगदी सपाट आवाजात तिनं तो शब्द म्हटला, "श्राउड." आणि पांघरूण खाली केलं तेव्हा ती हसत नव्हती.

मला वाटतं, तिच्या डोक्यात त्याच दुपारी ते आलं असावं. दुसऱ्या दिवशी यादीत ग्रेव्ह होता. मी पुढं जायला बघत होते, पण स्क्रीनवर तिनं वाचला होता. "हे काय?" मी बोटानं तो वर सरकवला. "दाखवा की वन्सं, हे काय?" मी बसल्या जागी टिकाव मारल्यासारखं केलं, खोऱ्यानं माती ओढल्यासारखं केलं. आणि करता करताच मला दादा आठवला. माझे हात थांबले.

वहिनी माझ्या हातांकडं बघत होती. दारात सुपातल्या पानांची सळसळ चालू होती. वहिनीनं आवाज चढवला नाही की उतरवला नाही, शब्दांची उजळणी करावी तशी ती म्हणाली, "बेबी. ग्रेव्ह. व्हेअर?"

बाहेर आईला तो धडाच वाटला असणार.

मी म्हटलं, "पुढचा शब्द घेऊ."

"व्हेअर?"

मी पुस्तक मिटलं आणि डोकं दुखतंय म्हणून ओट्यापाशी जाऊन बसले. त्यानंतर कितीतरी दिवस मी मोठ्यानं एक शब्द म्हटला नाही. आई म्हणाली, "पाठ झालं वाटतं." मी म्हटलं, व्हय. पाठ कुठलं होतंय. मी पुस्तक उघडायचे आणि पाठीमागून, भिंतीकडं तोंड करून, ती हळूच म्हणायची, "व्हेअर?" दिवसातून एकदाच. चिडून नाही, रडून नाही. पाणी मागावं तसं. मला पळून जावंसं वाटायचं, पण दार एक आणि दारात आई. तिच्या डोक्यावर मी हात ठेवलेला. मी शिकलेली होते, शपथेनं कुणी मरत नाही हे वर्गात कुणी विचारलं असतं तर मी ठणकावून सांगितलं असतं. पण हात वर्गातल्या कुणाच्या डोक्यावर नव्हता. आईला थोडा खोकला आला तरी मी दचकायचे.

आणि दुसऱ्या बाजूला ही. हिचं एवढंसं मागणं. जगातल्या कुठल्याही आईला न मागता जे ठाऊक असतं, की आपलं लेकरू आत्ता कुठं आहे, तेवढंच तिला हवं होतं. नाटकातल्या राण्या आपल्या मेलेल्यांवर पानंच्या पानं बोलतात. हिला तीन शब्द मिळाले होते, तेही माझ्याकडून, तेही परक्या भाषेतले.

मग एका दुपारी ती "व्हेअर" म्हणालीच नाही. मी वाट बघत बसले होते, आता म्हणेल, मग म्हणेल. ऊन कलायला लागलं तरी नाही. तिनं विचारायचं सोडलं, पहिल्यांदा सोडलं होतं तसंच. तिची पाठ माझ्याकडं होती आणि त्या पाठीकडं बघून मला कळलं की आता ही पुन्हा कधीच विचारणार नाही, जन्मभर.

मी उठून खाटेच्या पलीकडं, भिंत आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरले आणि तिच्या तोंडासमोर बसले. बोटांनी माझ्या डोळ्यांकडं खूण केली, बघ. तिनं पाहिलं. शपथ तोंडाची होती. तोंड मी घट्ट मिटलं.

दोन्ही हात वर करून बोटं पसरली.

ती बघत राहिली. मग खेळ कुठला ते तिच्या ध्यानात आलं. "ट्री," ती म्हणाली.

मी एका बोटानं दुसऱ्या हाताच्या तळव्यात टोचलं आणि हात झटकला.

"थॉर्न. थॉर्न ट्री." आणि लगेच, श्वासातच, मराठीत, "बाभळ."

मी हात नागमोडी फिरवला, घरामागचा ओढा. ओढ्याला नाटकात कुठला शब्द होता तो तिला आठवला नाही, पण तिनं मान हलवली, कळलं. मग मी हात खाटेवरून, तिच्या अंगावरून पलीकडं लांबवला आणि बोट खिडकीवरच्या चादरीकडं धरलं.

शेवटी टिकाव मारला, खोऱ्यानं माती ओढली. त्याचा शब्द तिनं म्हटला नाही.

मान वळवून ती चादरीकडं बघत राहिली. मोरांची नक्षी, ओलीचे डाग, कडेनं येणारी उन्हाची तिरीप. एवढंच तिथं होतं. आमच्या खिडकीपासून ती बाभळ हाकेच्या अंतरावर आहे. बाळंतपणाआधी वहिनी त्याच खिडकीत उभी राहून केस विंचरायची. दवाखान्यातून परत आल्यापासून ती रोज त्या बाभळीपासून एवढ्याशा अंतरावर झोपत होती, आणि आता तर तिच्याकडं पाठ करून. तिला घाम फुटला होता. मी तिच्याच पदरानं तिचा चेहरा पुसला. रडली नाही ती. एवढंच म्हणाली, "जवळ हाय की."

"काय जवळ हाय?" आई बाहेरून म्हणाली.

"परीक्षा," मी म्हटलं.

संध्याकाळी दादा पाळी सुटून आला, तोंड धुतलं, चहा घेतला. वहिनी त्याला म्हणाली, "माझी खाट फिरवा. उशीची बाजू हिकडं करा."

"का गं?"

"डाव्या कुशीला वळलं की भिंतच दिसतीया. मला खिडकीकडं तोंड पायजे."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरीच्या पिठात हात घातला. मग त्यानं तिला उचलून अलगद माझ्या अंथरुणावर ठेवलं, खाट फिरवली, विटा काढून पुन्हा पायथ्याला लावल्या, हलवून बघितल्या आणि तिला परत उचलून वर निजवलं. नंतर बाहेर जाऊन तो हात धूत बसला. इतका वेळ की आई म्हणाली, पाणी वाढेल. आईनं आत येऊन फिरवलेली खाट पाहिली. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. आम्ही जेवलो, आणि जेवताना सगळे नीट बोललो, डाळीत मीठ कमी आहे वगैरे.

वहिनी पुढं सुखरूप सुटली. मुलगी झाली आणि ती आता माझ्या नाटकाच्या पुस्तकाची पानं फाडून खाते. पेपरही निघाला, काठावर. पण त्या उन्हाळ्याचं आठवायचं म्हटलं की मला खाट फिरवल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते.

आई रोज पहाटे ओढ्याकडं जाऊन शेळीला बाभळीचा पाला आणायची. त्या दिवशीही आणला. हातावर नेहमीसारखे ओरखडे. मग तिनं बादली भरली, चादर खिडकीवरून काढली, भिजवली, पिळली आणि खांद्यावर टाकून खिडकीपाशी आली. वहिनी जागी होती. डाव्या कुशीवर, उशीत गाल रुतवून, उघड्या खिडकीकडं तोंड करून. आई चादर घेऊन बाहेरून खिडकीत उभी, वहिनी आतून तिच्याकडं बघतेय. मी ओट्यापाशी होते. मला वाटलं आता ही चादर टाकणार, आणि टाकली तर मी आज उठून फाडीन ती, मग काय व्हायचं ते होवो.

आई बाजूला झाली. चादर तशीच खांद्यावर घेऊन घराला वळसा घालून पुढं आली आणि तिनं ती दाराच्या चौकटीवर टाकली, स्वतःच्या पायरीवर सावली धरून. तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं.

मी खिडकीपाशी गेले. वर्षभरात मी घरामागं पाऊल टाकलं नव्हतं, की तिकडं नीट पाहिलंही नव्हतं. बाभळ तिथंच होती. तिच्या बुडाशी कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड रचलेले होते आणि भोवतीनं काटेरी फांद्यांचं कुंपण केलेलं होतं. फांद्यांचा पाला अजून हिरवा होता, सुकलेला नव्हता. कुणीतरी त्या रोज बदलत होतं.

पायरीवर आई आमच्याकडं पाठ करून बसली, सूप मांडीवर घेतलं.

"आता उजीड हाय," ती म्हणाली. "वाच की. मोठ्यानं वाच."

मी पुस्तक उघडलं. खोलीभर ऊन होतं, एकेक अक्षर स्वच्छ दिसत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा खाटेवरून वहिनीच वाचायला लागली.